पांढऱ्या पायाचं पिल्लू

"अवो, ते पिल्लू घेऊ नका!"

मागून आवाज आला. मंगळवारच्या बाजारात, टोपलीतल्या एका बारक्या जिवावर मी वाकले होते. वळून पाहिलं तर उंच, सावळा, फेटा बांधलेला एक तरुण.

"का घेऊ नको? कारवानी आहे. विकणाराच सांगतोय."

"कारवानी कुत्रं बारीक असतंय, व्हय. पर हे उपाशी हाय. दोन्हीत लई फरक हाय की."

माझे डोळे भरून आले. उन्हाळ्यात अशाच टोपलीतून आणलेलं पिल्लू आठवडाभरातच माझ्या मांडीवर गेलं होतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, तेव्हाच बजावलं होतं, "शकू, आता एकदाच. हेही गेलं, तर पुन्हा घरात कुत्र्याचं नाव काढायचं नाही." त्यामुळे माझी झोपच उडाली होती. भरवसा ठेवायचा तरी कुणावर?

"खरी कारवानी तुमच्याकडेच असतील, नाही का?" मी टोमणा मारला.

तो हसला. "असतील न्हाय, हाईत. मोहोळला या. आदी आई बघा, मग पिल्लू. खाण तशी माती. आई न दाखवता जो पिल्लू देतो, त्याच्याकडनं मांजरबी घेऊ नये."

नाव कुंडलिक. घरची शेती, आणि आजोबांपासून कारवानी कुत्री पाळलेली. हे सगळं त्यानं मी न विचारताच सांगितलं, पण माझं नाव काही विचारलं नाही. मला उगाचच राग आला.

आबा सोलापूर स्टेशनात मालबाबू, रेल्वेचा पास घरचाच, तेव्हा मोहोळ गाठायला अडचण नव्हती. अडचण माझ्या मनाची होती. गाडीत मी सारखी विचारत होते, "आबा, आई म्हणून त्यानं दुसरीच कुत्री दाखवली तर?"

"अगं, पिल्लं तिला पितील ना! ती खोटं बोलतील का?"

खरंच पीत होती. बिजली, त्यांची आई, लांब तोंडाची, तुकतुकीत अंगाची. तिनं माझा हात हुंगला आणि हळूच शेपूट हलवलं. बाकी पिल्लं दूध पीत राहिली, पण एक, एकच पाय पांढरा असलेलं, तुरतुरत आलं आणि माझ्या पदरावर चक्क झोपलं.

"त्याला कुनी न्हेत न्हाय," कुंडलिकची आई, सोनाबाई म्हणाल्या. "पांढऱ्या पायाचं म्हनत्यात."

"मग मला हेच हवं!"

पण कुंडलिकची तपासणी तर आता सुरू झाली. अंगण हाय का? साखळीला बांधनार का? घरात कुनी मारकं हाय का? अहो, मुलगी बघायला येणारेसुद्धा एवढं विचारत नाहीत! आणि मग मान खाली घालून—

"तुमचं... लगीन ठरलंय का?"

माझे कान तापले. "तुम्हाला काय करायचंय?"

"मला न्हाय, त्याला." त्यानं पिल्लाकडे बोट दाखवलं. "मागं कुर्डुवाडीच्या एका पोरीला असंच पिल्लू दिलं. ती सासरी गेली. तिच्या जुन्या वहाणांवर पडून ऱ्हायलं, अन्न सोडलं अन् गेलं. तवापासनं लग्नाच्या पोरीला मी पिल्लू देत न्हाय. रागावू नका."

आबा खाकरले. "बार्शीचं एक स्थळ आलंय खरं..."

झालं! रिकाम्या हातांनी परत निघाले. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुमचं काय ते ठरंस्तवर हे पिल्लू कुनाला देनार न्हाय."

मग दर बाजाराला तो मोहोळहून यायचा आणि मी भाजी आणायला जायचे. आमच्या घरात इतकी भाजी कधीच आली नव्हती.

"काय म्हणतंय आमचं पिल्लू?"

"कोंबडीच्या मागं लागलं हुतं."

"मग?"

"मग कोंबडी त्याच्या मागं लागली."

एकदा बाजारात भुरभुर पाऊस आला. त्यानं आपली पोत्याची खोळ माझ्या डोक्यावर दिली आणि स्वतः भिजत उभा राहिला. मला वाटायचं, मी पिल्लाच्या खुशालीसाठी येते... त्या दिवशी कळलं, तसं नाही. आणि माझी भीती दुप्पट झाली.

बार्शीची मंडळी आली, पसंत करून गेली. मी धीर करून विचारलं होतं, "घरात कुत्रा चालेल?" मुलाची आई हसली. "एवढंच ना? परसात बांधू की साखळीला!"

चार दिवस कुढले, मग एका रात्री आबांजवळ रडले आणि सगळं सांगून टाकलं. सकाळी आबा म्हणाले, "चल मोहोळला." कशाला, ते सांगेनात. मला भलतंसलतं सुचू लागलं. भांडायला तर नाही ना?

मोहोळला पोचताच आबा ओसरीवर सोनाबाईंपाशी बसले. मी गोठ्याकडे गेले. कुंडलिकच्या कानावर बार्शीची बातमी गेली होती. माझ्याकडे न बघताच त्यानं पिल्लू पुढं केलं.

"घ्या. घेऊन जा."

"आणि तुमचा नियम?"

"मोडला. तुमी गेल्यावर हितं ते काय... आनि मी तरी..."

पिल्लू आमच्या दोघांच्या हातांत तसंच राहिलं. तेवढ्यात ओसरीवरून आबांचा आवाज आला.

"सोनाबाई, तुमच्याच पोरानं शिकवलं, आधी आई बघावी म्हणून. ती बघितली, मनात भरली. बार्शीला मी आजच नकार कळवतोय. आता आमच्या पोरीचं बोलू या का?"

कुंडलिकनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"खरं...? तुमालाबी...?"

मी पिल्लू त्याच्या हातातून घेतलं आणि बिजलीच्या कुशीत परत ठेवलं.

"नियम मोडू नका. ते आहे तिथंच राहू दे," मी म्हणाले. "मीच येते."