जमिनीला लागलेलं नाव

प्रसन्न देऊलकर हा चहाच्या पुडीवरचा मजकूरही शेवटपर्यंत वाचणारा माणूस. त्यामुळे टिअर्नी पॉइंटचं घर ताब्यात आलं, तेव्हा किल्लीपेक्षा जास्त आनंद त्याला कागदांच्या गठ्ठ्याचा झाला. एजंट विवेक बर्वे तो गठ्ठा देताना हसला होता. "हे कोणी वाचत नाही, यार. टायटल क्लिअर आहे, एवढंच बघायचं." पण न वाचता राहील तो प्रसन्न कसला.

नोव्हेंबरातला शनिवार होता. सकाळचे अकरा वाजून गेले होते, पण कॅलिफोर्नियाच्या त्या किनाऱ्यावर अकरा काय नि सहा काय, धुकं तेच. घर अजून रिकामं होतं. सुलेखा स्वयंपाकघरातली कपाटं पुसत होती. सहा वर्षांची इला मागच्या अंगणात गवतातून एकटीच धावत होती. प्रसन्नचे वडील, आप्पा, कुंपणाशी उभे राहून समुद्र नेमका कुठे सुरू होतो ते शोधत होते. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता आणि त्याचा कुजकट खारा वास घरभर भरला होता.

आप्पा सहा महिन्यांसाठी आले होते. वेंगुर्ल्याकडे चौतीस वर्षं तलाठी म्हणून काढलेली. जमिनीचा विषय निघाला की त्यांचं दुखणंखुपणं पळून जायचं. ते आत आले, खोक्यावर बसले आणि म्हणाले, "सातबारा काय म्हणतो?"

विवेक चहाचा कप घेऊन तिथेच बसला होता. "काका, इथे सातबारा नसतो. पण कोणाकडून कोणाकडे गेली, ते सगळं आहे."

प्रसन्नने वाचून दाखवलं. सुरुवात एका मेक्सिकन जमीनदारापासून होती. मग टिअर्नी नावाचा गोरा. १९१९ साली टिअर्नीने समुद्राकडचा तुकडा विकला, तो हानाए मोरिता हिला. नावापुढे लिहिलं होतं, वय वर्षं सहा.

"सहा वर्षांच्या पोरीने जमीन घेतली?" सुलेखाने दारातून विचारलं.

"बापाने घेतली, वहिनी," विवेक म्हणाला. "जपानी लोकांना इथे जमीन घ्यायला कायद्याने बंदी होती. पण मूल इथे जन्मलं की ते अमेरिकन. मग बाप मुलांच्या नावावर घ्यायचे. स्ट्रॉबेरी लावायचे ते लोक. पुढे दुसऱ्या महायुद्धात सगळ्यांना उचलून कॅम्पात टाकलं. परत येईपर्यंत जमीन दुसऱ्याची झालेली."

"आणि हे बघ," प्रसन्नने पुढचं पान काढलं. १९४६ साली प्लॉट पडले, तेव्हा प्रत्येक खरेदीखतात एक कलम घातलं होतं. गोऱ्यांखेरीज कोणी या घरात राहायचं नाही, नोकर सोडून.

"ते डेड आहे रे. नुसतं कागदावर राहिलंय," विवेक म्हणाला.

आप्पांनी विचारलं, "आणि त्या मेक्सिकन माणसाच्या आधी कोण होतं?"

"होते ना काका. हजारो वर्षं होते. पण त्यांचं रेकॉर्ड नाही. पेपर तिथून पुढे सुरू होतो."

"म्हणजे ज्यांची जागा, त्यांचीच नोंद नाही," आप्पा म्हणाले.

विवेक गेल्यावर आप्पांनी गाडीतून नारळ काढायला सांगितला. नव्या जागेत पाय ठेवायचा तर आधी त्या जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. राखणदार म्हणजे जागा सांभाळणारा. तो कोण, कुठल्या जातीचा, कुठल्या देशाचा, हे विचारायचं नसतं. सुलेखा नागपूरची, तिला या गोष्टींची गंमत वाटायची. तीही ओले हात पुसत आली.

अंगणाच्या टोकाला, जिथे धुक्यात कुंपण दिसेनासं होत होतं, तिथे आप्पांनी नारळ ठेवला. मग प्रसन्नला हळूच विचारलं, "तुझा व्हिसा किती वर्षांचा?"

"तीन. मग पुन्हा एक्स्टेन्शन. ग्रीन कार्डची लाइन मोठी आहे, आप्पा."

"मग तुझं नाव कसं सांगू? आज इथे, उद्या परत पाठवला तर? जो टिकणार नाही त्याचं नाव लावायचं नसतं. राखणदाराला खोटं खपत नाही."

चौतीस वर्षं तलाठी राहिलेल्या माणसाचं डोकं ते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, नातीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा... ह्यो नारळ तुझ्या पायाशी ठेवलंय, तो गोड मानून घे. ही पोर ह्याच मुलखात जन्माक इली. इला तिचा नाव. आजपासून ही जागा हिच्या नावान आसा. हिका सांभाळ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," प्रसन्न आणि सुलेखा म्हणाले. अशा वेळी बाकीच्यांनी हेच म्हणायचं असतं.

आणि एक श्वास सोडावा एवढ्या वेळाने, कुंपणापलीकडून, खालून, पुष्कळ जणांनी दबक्या आवाजात तेच म्हटलं. शब्द तेच होते असं प्रसन्नला छातीठोक सांगता आलं नसतं. पण चाल तीच होती. प्रतिध्वनी असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण पलीकडे आवाज अडवायला काहीच नव्हतं, तिथे नुसता समुद्र होता.

पुढचा आठवडा सामान लावण्यात गेला. घरात सकाळी ओल्या मातीचा आणि पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा वास यायचा. सुलेखाने फ्रिज दोनदा रिकामा करून पुसला, पण स्ट्रॉबेरी आणलेलीच नव्हती.

त्यानंतरच्या सोमवारी इलाची नवी शाळा होती. प्रसन्न आणि सुलेखा दोघंही तिला सोडायला निघाले. गाडी उताराने वळणापर्यंत आली आणि सुलेखाने मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

"तू तिला बसवलं नाहीस?"

"मी? मी डबा घेत होतो. तू बसवलंस ना?"

"मला वाटलं तू..."

भांडतच परत आले. इला मागच्या अंगणात गवतात उभी होती, दप्तर पाठीला तसंच. दोघांनी एकमेकांना बोल लावले, तिला पुन्हा पुन्हा जवळ घेतलं आणि त्या दिवशी शाळा बुडवली. आईबाप दमलेले असले की होतं असं, असं दोघंही धरून चालले. रात्री प्रसन्नला मात्र आठवत राहिलं की मागच्या सीटचा पट्टा लावलेला होता.

मंगळवारी त्याने स्वतः तिला बसवलं. पट्ट्याचा खटका ऐकला. दोनदा ओढून पाहिला. वळणावर आरशात पाहिलं तर पट्टा तसाच, ताणलेला, आणि त्यात कोणी नाही. त्याने गाडी बाजूला घेतली, सीटखाली वाकून पाहिलं, डिकीसुद्धा उघडली. एवढा हुशार माणूस, आपण डिकीत मुलीला का शोधतोय हे त्याचं त्यालाच कळेना. घरी आला तर ती अंगणात.

"इला, तू कशी उतरलीस?"

"आय डिडन्ट," ती शांतपणे म्हणाली. "आय कान्ट लीव्ह, बाबा. इट्स माइन."

बुधवारी सुलेखाने गाडी चालवली आणि प्रसन्न मागे लेकीला बिलगून बसला. तिचा हात त्याच्या हातात होता. पंजा गार होता, बोटं किंचित चिकट. त्याने ठरवलं होतं की डोळ्यांची पापणी लववायची नाही. वळण आलं. धुक्याचा एक लोट काचांवरून गेला. त्याची मूठ मिटलेलीच होती, पण आत काही नव्हतं. कधी नाहीसं झालं ते त्याला सांगता येईना. पुढून सुलेखा विचारत होती, "आहे ना? प्रसन्न... आहे ना रे?"

त्या दुपारी सुलेखा आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. एरवी सासऱ्यांशी आवाज चढवणारी ती नव्हे. "तुम्ही नाव दिलंत, आप्पा. तुम्हीच परत घ्या. मला माझी मुलगी हवी आहे. घर गेलं खड्ड्यात."

आप्पांचा चेहरा तीन दिवसांत सुकला होता. "लागलेलं नाव असं काढता येत नाही गो. त्या जागी दुसरं लावावं लागतं."

"मग माझं लावा," प्रसन्न म्हणाला.

पुन्हा नारळ ठेवला. इलाला सुलेखाने कडेवर घेतलं होतं, एवढी मोठी झाली तरी. आप्पांनी गाऱ्हाणं घातलं, मुलाचं नाव सांगितलं. तिघांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि कान दिला. पलीकडून काही आलं नाही. सुलेखाचं नाव सांगितलं. नाही. शेवटी आप्पांनी स्वतःचं सांगितलं, गुरुनाथ अनंत देऊलकर, राहणार वेंगुर्ले. समुद्राचा आवाजसुद्धा थांबल्यासारखा झाला होता. जणू कोणीतरी त्यांचे कागद बघून तसेच परत केले होते.

"बाहेरच्यांची नावं चालत नाहीत," आप्पा पुटपुटले. ते खाली बसले.  मग त्यांनी नारळावर दोन्ही तळवे टेकवले, आणि या वेळी ते गाऱ्हाण्याच्या सुरात न बोलता साध्या बोलण्यात बोलले, हात जोडून एखाद्या साहेबाला विनवावं तसं.

"नाव राहू दे तुमच्याकडे. ते मी काढत नाही. पोर तेवढी आम्हाला घेऊन जाऊ द्या... नाव तुमचं, पोर आमची..."

प्रसन्न काही म्हणायच्या आतच पलीकडून त्याच चालीत होकार आला. पुष्कळ आवाज, बायकांचे, पुरुषांचे, म्हाताऱ्यांचे, आणि आता अगदी कुंपणाशी.

त्याच संध्याकाळी ते निघाले. प्रसन्न गाडी चालवत होता; वळणावर मागे सुलेखा आणि आप्पांनी इलाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं. गाडी वळणापलीकडे गेली. मैल गेला, दहा मैल गेले, धुकं मागे पडलं. इला मध्ये बसून खिडकीबाहेर बघत होती. सुलेखा हुंदके देऊन रडली. प्रसन्नलाही रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

टेक्ससमधल्या फ्रिस्को गावात सुलेखाची बहीण हिमानी होती. तिच्या जवळच अपार्टमेंट घेतलं. तिथलं ऊन, सरळ रस्ते, समुद्राचं नाव नाही. प्रसन्नने तिकडच्या ऑफिसात बदली मागून घेतली, आप्पा डिसेंबरात वेंगुर्ल्याला परतले. घर विकायला काढलं, ते काम विवेककडे दिलं. मुलगी खात होती, झोपत होती, शाळेत जात होती. एकच होतं. नावाने हाक मारली की ती बघायची नाही. 'बाळा' म्हटलं, खांद्याला हात लावला, तर लगेच वळायची. शाळेतूनही तेच सांगणं आलं. डॉक्टरांनी कान तपासले. कान ठणठणीत. रुसली असेल, हिमानी म्हणाली, घर बदललं की मुलं रुसतात. प्रसन्नने मान डोलावली. त्याला काय वाटत होतं ते त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी विवेकचा फोन आला. सुलेखा हिमानीकडे गेली होती. प्रसन्न जेवणाच्या टेबलाशी बसला होता, समोर मुलगी चित्र रंगवत होती. त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"घर दाखवायला आलोय रे. पार्टी अजून आली नाही," विवेक म्हणाला. "बाकी कसं काय? इला काय म्हणते?"

मग तो एकदम थांबला.

"प्रसन्न... घरात कोणी आहे का? तुमच्या ओळखीचं?"

"नाही. का?"

"अरे, मी आत्ता इलाचं नाव घेतलं, तर मागच्या अंगणातून कोणीतरी ओ दिली. लहान मुलगी वाटते. शेजारच्यांची असेल... पण ओ कशी देईल?"

 प्रसन्नला ऐकायचं नव्हतं, आणि ऐकल्यावाचून राहवणारही नव्हतं. "मागचं दार उघड," तो म्हणाला. "फोन स्पीकरवर टाक... आणि बाहेर धर."

दार सरकल्याचा आवाज आला. मग वारा आणि समुद्र. समोर मुलगी खाली मान घालून हिरवा रंग भरत होती. तिच्यात नि त्याच्यात हातभर अंतर होतं. प्रसन्नने तिच्याकडे बघत, अगदी हळू हाक मारली.

"इला..."

खडू थांबला नाही. फोनमधून गवतातून धावत येणारी पावलं ऐकू आली, जवळ जवळ, आणि धापा टाकणारा आवाज, त्याच्या लेकीचा आवाज.

"ओ, बाबा... आय ॲम हिअर. व्हेअर आर यू?"

टेबलापाशी बसलेल्या मुलीने तेवढ्यात डावा हात पुढे केला, मान वर न करता फोन बंद केला आणि पुन्हा रंगवायला लागली.