उन्हावर कोणाचा पाय?

"आज कारण सापडलं नाही तर मावशीने बसवलेले सगळे पॅनल उतरवणार!" भिंगरी दोन-दोन पायऱ्या चढत म्हणाली.

"अगं, हळू!" मागून तिचा मामेभाऊ चष्मिस धापा टाकत ओरडला. "आधी नीट सांग तरी!"

भिंगरीने न थांबताच सांगितलं. दुकानं आणि ऑफिसं असलेल्या या जुन्या इमारतीच्या गच्चीवर मावशीने उन्हाळ्यात सौर पॅनल बसवले होते. स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं तिचं पहिलं मोठं काम! गारठा सुरू झाला आणि रोज दुपारी वीज घसरू लागली. मावशी सकाळी तपासायला येई, तेव्हा सगळं ठीक. आज इमारतीच्या मालकीणबाई येणार होत्या आणि इथले मॅनेजरकाका त्यांना पॅनल काढायलाच सांगणार होते.

"आलात? पॅनलला हात लावायचा नाही आणि कठड्याकडे फिरकायचं नाही," गच्चीवर मावशीने बजावलं. तिची नजर मीटरवरून हटत नव्हती.

आकडा तर चांगला होता. भिंगरीने येरझारा घातल्या, बुटाची नाडी सोडली, बांधली.

"तू एका जागी बस ना! मलाच गरगरतंय," चष्मिस वैतागला.

गच्चीच्या टोकाला उंच सांगाड्यावर कापडी पाटी ताणलेली होती. 'ही इमारत उन्हावर चालते!' तिच्या सावलीत भिंगरी फतकल मारून बसली. सावली एवढीशी, पाय उन्हातच राहिले. थोड्या वेळाने पाहते तो पायही सावलीत!

"चष्मिस, खडू दे! सावली वाढतेय!"

दोघं सावलीच्या कडेला रेघा मारत सुटले. सावली सरकत सरकत शेवटच्या पॅनलच्या कोपऱ्याला टेकली.

"आकडा पडला!" मावशी किंचाळली.

"एवढ्याशा सावलीने?" चष्मिसने विचारलं.

"अरे, सगळे एकाच साखळीत जोडलेत. पाण्याच्या पाइपवर एकाच जागी पाय दिला तरी सगळी धार बारीक होते ना, तसं! पण ही पाटी तर उन्हाळ्यातच लागली होती..."

"तेव्हा सूर्य डोक्यावर, सावली आखूड!" चष्मिस म्हणाला.

"आणि सकाळी ती पलीकडे रस्त्यावर पडते. मला दिसणार कशी!"

तेवढ्यात मॅनेजरकाका आले. सगळं ऐकून त्यांनी हात झटकले. "पोरांचं काय ऐकता? पाटी हलणार नाही! मालकीणबाईंना दाखवायला मी हौसेने करून घेतलीय."

भिंगरीने पाटीकडे निरखून पाहिलं. "अशीच दाखवणार? कबुतरांनी पार रंगवलीय हो, काका!"

"अरे देवा! वॉचमन, सोड दोऱ्या! पुसून घे पटकन!"

पाटी खाली आली. मालकीणबाई वर आल्या आणि थेट मीटरपाशी गेल्या. "दुपारी वीज घसरते म्हणालात ना? आकडा तर झकास आहे!"

मॅनेजरकाकांनी वाकून आकडा पुन्हा वाचला.

"आता पाटी लावा, काका," भिंगरी गोड आवाजात म्हणाली.

पाटी वर चढली. आकडा धपकन खाली!

मालकीणबाई हसत सुटल्या. "म्हणजे उन्हाची जाहिरातच ऊन खात होती! पाटी खाली दाराशी लावा. आणि ताई, माझ्या दुसऱ्या इमारतीचे पॅनल बसवायचं कामही तुमचंच. शाब्बास, पोरांनो! ही मुलगी कधी स्वस्थ बसत नाही वाटतं?"

"आज बसली," मावशी हसत म्हणाली, "म्हणून तर सापडलं!"

पण हे ऐकायला भिंगरी होतीच कुठे? ती केव्हाच जिना उतरत होती. पाटीसाठी दारातली जागा तिलाच दाखवायची होती ना!