अठ्ठेचाळीस आकडे

डिसेंबरात पाऊस यायला नको होता. तो आला तेव्हा रीना लाखनीच्या हायवेवर, बसथांब्याच्या थोडी अलीकडे होती, आणि तिच्याजवळ छत्री नव्हती. खांद्यावरच्या पिशवीत लॅपटॉप मात्र होता. तिने पिशवी ओढणीत गुंडाळली, पोटाशी घट्ट धरली आणि समोर दिसलेल्या पहिल्या टिनाखाली शिरली. एक ट्रक चिखल उडवत गेला. ती घाईने मागे सरकली… आणि तिचा पाय कुणाच्या तरी पायावर पडला.

“आई गं—”

“सॉरी भाऊ! लागलं का?”

“लागलं तं. पण लॅपटॉप वाचला ना? मग जमते.”

तिने वळून पाहिलं. दुकानाच्या दारात एक मुलगा उभा होता. हातात बारीक पेचकस, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याच्या मागे भिंतीवर उघडे पडलेले मोबाईल आणि वायरींची भेंडोळी.

“आत लॅपटॉप आहे हे कसं समजलं?”

“लोक दोनच गोष्टी असं पोटाशी धरतेत. लेकरू, नाही तं लॅपटॉप. लेकरू असतं तं एव्हाना रडलं असतं.”

रीनाला हसू आलं. तिने ते ओढणीआड लपवलं, पण त्याने पाहिलंच. मग तोच गडबडला, आणि कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचं सोडून टेबलावर शोधू लागला.

त्याने कोरडं फडकं दिलं. स्टूल पुढे केलं. पाऊस टिनावर असा वाजत होता की बोलायला जवळ यावं लागत होतं, आणि जवळ आलं की दोघंही बोलायचं विसरत होती.

“भाऊ, एक विचारू?”

“विचारा. पण भाऊ नका म्हणू… अश्वजित म्हणा.”

पंधरा दिवसांपासून मनात अडकलेली गोष्ट तिने मग त्याला सांगितली. ती करडी गावची रीना. तीन वर्षांपासून जिल्ह्यातल्या बोड्यांवर, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या शेतातल्या लहान तळ्यांवर, प्रबंध लिहीत होती. एकशे त्रेचाळीस बोड्या पायी फिरून मोजल्या होत्या. खोली, काठ, कोणी खोदली, कधी गाळ भरला. सांगणाऱ्यांपैकी चार म्हातारी माणसं आता राहिली नव्हती. प्रबंध द्यायला दहा दिवस उरले होते, आणि गाईड सर म्हणत होते की शेवटचे नकाशे ज्या सॉफ्टवेअरवर करायचे ते लिनक्सवरच नीट चालतं.

“अन् विंडोज पण पाहिजे?”

“सगळं लिहिलेलं त्यातच आहे. त्याला हात लावायचा म्हटलं तर मला घामच फुटते.”

“एका घरात दोन चुली मांडायच्या,” अश्वजित म्हणाला. “विंडोजले थोडं सरकवायचं. मोकळ्या जागेत लिनक्स बसवायचं. चालू केलं की लॅपटॉपच विचारते, आज कुणाकडे जेवाल?”

“आणि सरकवताना काही सांडलं तर?”

“माह्या हातून आजपर्यंत सांडलं नाही.” मग तिचा चेहरा पाहून त्याने आवाज उतरवला. “बॅकअप हाय ना?”

“हो. कालच पेन ड्राइव्हवर घेतला.”

काम सुरू झालं. अश्वजित एकेक पायरी समजावून सांगत होता आणि रीना प्रत्येक पायरीला विचारत होती, “आता काही गेलं का?”

“नाही.”

“आता?”

“मॅडम, तुम्ही श्वास घ्या. मशीन घेऊन राहिली हाय, तुम्हीच बंद केला.”

तिने श्वास घेतला. तो तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच… मग खाकरला आणि स्क्रीनकडे वळला. बाहेर पाऊस ओसरत होता. रीनाच्या लक्षात आलं की तो थांबू नये असं तिला वाटत होतं. त्या विचाराचीही तिला भीती वाटली.

तासाभराने लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. काळ्या पडद्यावर खरोखरच दोन नावं उभी होती, एकाखाली एक.

“घ्या! दोन चुली पेटल्या.”

“आधी विंडोज दाखवा,” रीना म्हणाली. “माझं सगळं आहे ते पाहू द्या.”

त्याने खालचं नाव निवडलं. पडदा निळा झाला. डिस्कला कुलूप असल्याचं त्यावर लिहिलं होतं. उघडायला अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी टाका, आणि खाली आठ रिकाम्या जागा.

“हे काय आहे?”

“विंडोजचं कुलूप. आतली जागा हलवली की आपोआप लागते,” अश्वजित म्हणाला. त्याच्या आवाजावरूनच तिला सगळं कळलं.

“पेन ड्राइव्ह द्या,” तो घाईने म्हणाला.

तिने दिला. त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला. ‘प्रबंध’, ‘बोड्या’, ‘मुलाखती’, सगळी नावं दिसत होती. रीनाने सुटकेचा श्वास टाकला. त्याने एकावर दोनदा टिचकी मारली, मग दुसऱ्यावर. काहीच उघडेना.

“रीना…” पहिल्यांदाच त्याने नाव घेतलं, तेही अशा वेळी. “हे शॉर्टकट हायेत. स्क्रीनवरची चिन्हं उचलून आणली तुम्ही. घराची पाटी आली, घर तिथंच राहिलं.”

तीन वर्षं त्या निळ्या पडद्यामागे होती.

“तुम्ही म्हणाले होते सांडत नाही.”

“सांडलं नाही. बंद हाय. चावी असते कुठंतरी. लॅपटॉप पहिल्यांदा घेतला तेव्हा जे खातं उघडलं, त्यात.”

लॅपटॉप भंडाऱ्याच्या दुकानातून घेतला होता. सोबत बाबा होते. दुकानदाराने नंबर विचारला तेव्हा बाबांनी आपलाच दिला. पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. आता त्या खात्यात शिरायचं तर ओटीपी बाबांच्या, म्हणजे तेजरामांच्या, साध्या बटणाच्या फोनवर जाणार होता.

रीनाने फोन लावला. अश्वजितने ओटीपी मागवला.

“बाबा, तुमच्या फोनवर आत्ता एक आकडा आला असेल. तो सांगा.”

“कोणता आकडा?”

“ओटीपी.”

तेजराम ठाम आवाजात म्हणाले, “ओटीपी कोणालेच सांगायचा नाही. बँकेतले साहेब सांगून गेले.”

“बाबा, मी रीना! तुमची पोट्टी!”

“आवाज तं तिच्यासारखाच हाय. आजकाल आवाज बी बनवतेत म्हणे.”

“बाबा, माझी तीन वर्षं…”

“रडून दाखवतेत तेही मले माहीत हाय. खरीच रीना असशील तं घरी ये. डोळ्यांनी पाहीन, मग सांगीन.” आणि फोन बंद. पुन्हा लावला तर उचलेनात.

दुसरी कोणतीही वेळ असती तर दोघं पोट धरून हसली असती. अश्वजितच्या ओठांवर हसू येता येता थांबलं.

“मी सोडून देतो करडीले. गाडी हाय.”

“नको,” रीना म्हणाली. तिने लॅपटॉप पिशवीत घातला, पण आता तो पोटाशी धरावा असं तिला वाटेना. “घरी नेट चालत नाही. बोलणं तेवढं होते. खातं तुम्हाला इथूनच उघडावं लागेल. मी सकाळी फोन करते.”

“रीना, मी…”

“सकाळी,” ती म्हणाली, आणि मागे न बघता बसमध्ये चढली. भंडाऱ्याला बस बदलताना तिने फोन काढून पाहिला. त्याचा मेसेज आलेला होता: ‘पोचल्यावर कळवा.’ पाच वेळा वाचून तिने फोन पुन्हा पिशवीत टाकला. राग आला असता तर बरं झालं असतं. तिला नुसती भीती वाटत होती, आणि त्या भीतीत तो परका वाटत नव्हता.

सकाळी आठ वाजता अंगणात खाट टाकून रीना लॅपटॉप घेऊन बसली. आभाळ अजून भरलेलं होतं. शेतात कापून रचलेल्या धानाचे पुंजणे ताडपत्रीखाली झाकलेले होते, त्यामुळे तेजराम आधीच वैतागले होते. आई, वच्छला, उंबरठ्यावर तांदूळ निवडत बसली होती.

“कोण पोट्टा हाय हा?” तेजरामांनी विचारलं.

“लाखनीचा. लॅपटॉप दुरुस्त करते.”

“दुरुस्त केला म्हणून तं बंद पडला! फोन स्पीकरवर ठेव. माह्यासमोर बोलायचं.”

पहिल्याच रिंगला अश्वजितने फोन उचलला. जणू हातात धरूनच बसला होता. ओटीपी आला. तेजरामांनी फोन डोळ्यांपासून दूर धरला, मुलीकडे एकदा निरखून पाहिलं, आणि चोराला तिजोरी दाखवावी तसे सहा आकडे सांगितले. पलीकडे टकटक वाजली. मग तीही थांबली.

“अश्वजित?”

“सापडली,” तो म्हणाला. “चावी सापडली, रीना. लिहा. सहा-सहाचे आठ गट हायेत. तीन… सात… एक… सहा… शून्य… दोन.”

तिने टाकले. बोट एका बटणावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत युग लोटत होतं.

“झालं.”

“शून्य, पाच, आठ, एक, नऊ, शून्य.”

तिसरा गट झाला. चौथ्यात तिने एक आकडा चुकवला, निळ्या पडद्याने लगेच नाकारला आणि रीनाच्या तोंडून हुंदका निघाला.

“हळू. घाई नाही,” तो म्हणाला. “हात कापतेत का?”

“हो.”

“माहे पण कापून राहिले. पुन्हा सांगतो.”

पाच झाले. सहा झाले. सहाव्यानंतर तो थांबला.

“एक सांगू? नाही तं माह्यानं पुढचं वाचणं होणार नाही.”

रीनाने बाबांकडे पाहिलं. ते ताडपत्रीकडे बघत होते. “सांगा,” ती पुटपुटली.

“माह्याकडं कोणताही लॅपटॉप आला की मी पहिले हे कुलूपच पाहतो. आधी ते उघडतो, मग हात लावतो. चार वर्षांत एकदाही विसरलो नाही.” तो अडखळला. “काल विसरलो. तुम्ही समोर बसल्या होत्या… श्वास धरून. मी स्क्रीनकडं पाहतच नव्हतो. तुमचं काही गेलं असतं, तं मी दुकान बंद केलं असतं. खरंच सांगतो.”

उंबरठ्यावर तांदळाचा आवाज थांबला. रीनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. स्पीकर बंद करावा की नाही… बोट हलतच नव्हतं.

“सातवा गट सांगा,” ती कशीबशी म्हणाली.

त्याने सांगितला. तिने टाकला.

“आता शेवटचा,” तो म्हणाला, आणि आवाज अगदी खाली आला. “हा सांगितला की तुम्ही फोन ठेवाल. नंतर कधीच लाखनीले येणार नाही. मले रात्रभर याचीच…”

तेजराम खाकरले.

“कोण हाय तिथं?” अश्वजितने घाबरून विचारलं.

“बाबा,” रीना म्हणाली. “फोन स्पीकरवर आहे… पहिल्यापासून.”

फोन कट झाला.

निळ्या पडद्यावर सात जागा भरलेल्या, आठवी रिकामी. सहा आकडे लाखनीत, त्या भेदरलेल्या मुलाजवळ. रीनाने पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली. उचलेना. परत लावला. तिला रडू फुटलं, आणि ते प्रबंधासाठी होतं की त्याच्यासाठी, हे तिलाच कळेना.

“थांब,” तेजराम म्हणाले. त्यांनी आपला बटणाचा फोन काढला. “त्याचा नंबर सांग. अनोळखी नंबर उचलीन तो. दुकानदार हाय.”

दुसऱ्या रिंगला उचलला. “हॅलो?”

“मी रीनाचा बाप बोलून राहिलो.”

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

“फोन ठेवू नको, पोरा. पोरीचं काम अर्ध्यावर लटकलं हाय. आधी आकडे सांग, मग आरामात भीत बस.”

“जय भीम, काका,” अश्वजित कसाबसा म्हणाला.

“जय भीम. सांग.”

“चार… एक… सहा…”

तेजराम एकेक आकडा मोठ्याने म्हणत होते, शाळेत पाढे म्हणावेत तसे, आणि रीना टाकत होती. “दोन. शून्य. सात.”

पडदा काळा झाला. काळाच राहिला. वच्छला उठून मागे येऊन उभी राहिली, तिचा हात लेकीच्या खांद्यावर. मग उजेड आला. ओळखीचं चित्र, ओळखीची चिन्हं. रीनाने ‘बोड्या’ उघडलं. पहिल्या बोडीपासून एकशे त्रेचाळीसाव्या बोडीपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. मुलाखतींपैकी एक तिने सुरू केली, आणि गेल्या वर्षी वारलेल्या म्हाताऱ्याचा आवाज अंगणात आला. तिने तोंडावर हात ठेवला.

“हाय सगळं?” तेजरामांनी विचारलं.

तिने मान हलवली. त्यांनी फोन तिच्या हातात दिला, आभाळाकडे पाहिलं आणि ताडपत्री बघायला शेताकडे निघाले. जाता जाता वच्छलाला म्हणाले, “पोट्टा भित्रा हाय. पण आकडा एकही चुकला नाही.”

रीनाने तो जड, जुना फोन कानाला लावला.

“अश्वजित.”

“हाय ना सगळं?”

“सगळं आहे. रविवारी लाखनीला येते. एक चांगली हार्ड डिस्क आणून ठेवा. सगळ्याची दुसरी प्रत करायची आहे.”

“आणतो.” मग त्याने विचारलं, “ती प्रत कुठं ठेवणार?”

“तुमच्याकडे.”

पलीकडून ट्रकचा आवाज आला, गेला.

“माह्याकडं? एवढं झाल्यावर… भीती नाही वाटणार तुम्हाला?”

“वाटेल,” रीना म्हणाली. “फार वाटेल… तरी ठेवा.”