जांभळाचा चहा हिरवा का झाला?

ग्लासातला चहा हिरवा पडला होता.

मंजिरीने ग्लास दिव्यासमोर धरून पाहिला. वरचा थर जांभळट होता, पण बर्फाच्या तुकड्यांभोवती निळसर-हिरव्या रेषा तरंगत होत्या आणि तळाशी तर शेवाळाच्या पाण्यासारखा रंग साचला होता. तिने शेजारच्या काचेच्या जगाकडे पाहिले. त्याच पातेल्यातला, तोच चहा जगात शिल्लक होता, आणि तो लालबुंद होता.

एकच चहा, आणि त्याचे दोन रंग?

मंजिरी लोखंडे अकरा वर्षांची होती. गेली दोन वर्षे ती आईबरोबर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या ‘उगवती’ या वस्तीत राहत होती. वस्ती जमिनीखाली खोदलेली होती आणि तिच्यात एकोणीस माणसे होती. मंजिरीची आई, नलिनी, आणि वसईचा सायमन लोपीस हे दोघे जवळच्या विवराच्या (खोल, गोल खड्ड्याच्या) तळाशी जाऊन बर्फाचे साठे शोधत. तळाशी ऊन कधीच पोचत नसे. म्हणून विवराच्या काठावर एक मोठा आरसा उभारला होता. तो सूर्याचा उजेड खाली पाडायचा आणि त्या उजेडात दोघांचे काम चालायचे. कामाचे पोशाख अंगात इतके गरम होत की परत गाडीत शिरल्यावर दोघांना आधी काहीतरी गारेगार लागे.

आज सकाळी सातलाच मंजिरीने त्यांच्यासाठी मसाल्याचा गार चहा केला होता. पाण्यात दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, ठेचलेला वेलदोडा आणि वस्तीच्या बागेतले आले घालून तिने ते पाच मिनिटे उकळले. गॅसऐवजी इथे विजेची शेगडी होती, एवढाच काय तो फरक. मग चहाची पत्ती अगदी चिमूटभर टाकली, म्हणजे रंग फिका राहतो. गाळून, साखर घालून, निवल्यावर तिने त्यात सायमनकाकाच्या आईने वाळवून पाठवलेला जांभळाचा गर कालवला आणि वरून अर्धे लिंबू पिळले. लिंबू पडताच चहा लाल झाला. पोलादी थर्मास निम्मा बर्फाने भरून त्यावर तिने चहा ओतला, झाकण घट्ट लावले आणि आईच्या हातात दिला.

आता सव्वादहा वाजले होते. उरलेला चहा स्वतःसाठी ग्लासात ओतून तिने त्यात बर्फ टाकला होता. वही काढेपर्यंत हे असे झाले.

ती ग्लास ओठांजवळ नेणार, तोच तिच्या ध्यानात आले की आपली बोटे एकमेकांवरून घसरताहेत. साबण लागल्यासारखी. पण साबणाला तर तिने हात लावला नव्हता. हात लावला होता फक्त बर्फाला.

तिने ग्लास खाली ठेवला आणि बोटे नळाखाली धरून खसाखसा धुतली.

‘जगातला चहा लाल आहे. ग्लासातला हिरवा. दोन्हींत फरक एकच, बर्फ. आणि थर्मासमध्ये निम्मा बर्फच आहे!’

ग्लास, जग आणि बर्फाचा डबा उराशी धरून ती धावत सुटली. चंद्रावर धावताना पाऊल उंच उडते, वळणावर दोनदा तिचा खांदा भिंतीवर आपटला.

संपर्क-खोलीत तडवी आजोबा बसले होते. ते तिचे सख्खे आजोबा नव्हते. जळगावला चाळीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर वस्तीच्या हवापाण्याची काळजी घ्यायला ते इथे आले होते. वस्तीतली सगळीच मुले त्यांना आजोबा म्हणत.

“आजोबा, बर्फात काहीतरी आहे! आईला सांगा, चहा पिऊ नका म्हणावं!”

“आधी श्वास घे, मंजू.” त्यांनी ग्लास हातात घेऊन वास घेतला. “लवंगेचा वास येतोय. गर जुना झाला असेल.”

“मग जगातला लाल कसा? गर तोच आहे.”

आजोबांनी समोरच्या फलकावर बोट ठेवले. “हे बघ, पाण्याच्या टाकीतला मापक. पाणी शुद्ध दाखवतोय.”

“पण माझी बोटं बुळबुळीत झाली होती.”

हे ऐकताच आजोबांचा चेहरा बदलला. त्यांनी तिचे हात धरून उलटसुलट पाहिले. “धुतलेस ना? चहा प्यायली नाहीस ना?”

“नाही.”

“बरं केलंस. पण नीट ऐक. खाली रेडिओ पोचत नाही हे तुला ठाऊक आहे. काठावरच्या खांबावरचं रेडिओचं यंत्र परवा बिघडलं. तातडीचा निरोप द्यायचा तर एकच मार्ग ठरलाय. आरसा तीनदा फिरवून उजेड घालवायचा. पण उजेड गेला आणि त्याच क्षणी तुझी आई उतारावर लोंबकळत असली, तर? नुसत्या शंकेवर मी अंधार करणार नाही. आधी इथेच खात्री करून घेऊ.”

मंजिरीने भिंतीवरचे घड्याळ पाहिले. दहा वाजून चोवीस मिनिटे. आईची पहिली सुट्टी नऊला असे, दुसरी अकराला.

आजोबांनी चार छोटे पेले मांडले. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात लिंबाच्या रसाचे थेंब घातलेले पाणी, तिसऱ्यात साबणाचे पाणी. चौथ्यात त्यांनी चिमट्याने बर्फाचे दोन तुकडे टाकले आणि पेला दिव्याजवळ धरून ते वितळवले. मंजिरी वितळणाऱ्या तुकड्यांकडे बघत राहिली. इतका सावकाश वितळणारा बर्फ तिने कधी पाहिला नव्हता.

“आता जांभूळ,” आजोबा म्हणाले. तिने धावत जाऊन घरच्या कपाटातून गराची पुडी आणली, पाण्यात कालवली आणि प्रत्येक पेल्यात चमचाभर टाकली.

नळाचे पाणी जांभळे झाले. लिंबाचे लाल. साबणाचे हिरवट.

आणि बर्फाचे पाणी गडद हिरवे.

आजोबांनी तिसरा आणि चौथा पेला शेजारी शेजारी धरला.

“साबणापेक्षाही गडद,” आजोबा पुटपुटले. मग भराभर बोलू लागले, जणू वर्गात तास संपत आला आहे. “जांभळात एक रंगद्रव्य (वस्तूला रंग देणारा पदार्थ) असतं. ते आम्लात लाल होतं. आम्ल म्हणजे लिंबू, चिंच, व्हिनेगर, जे चवीला आंबट लागतं ते. आणि आम्लारीत ते हिरवं होतं. आम्लारी म्हणजे आम्लाच्या उलट, हाताला बुळबुळीत लागणारा पदार्थ. साबण, धुण्याचा सोडा. रंग बदलून हे सांगणाऱ्या पदार्थाला दर्शक म्हणतात. तुझा चहा दर्शक झाला, मंजू.”

“पण बर्फात आम्लारी आली कुठून?”

आजोबांनी भिंतीवरचा वस्तीतल्या नळ्यांचा नकाशा ओढून जवळ घेतला. आपण श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बंद वस्तीत तो साठू नये म्हणून हवा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून (पाण्यात विरघळवलेल्या सोड्यातून) सोडली जाई आणि ते द्रावण तो वायू शोषून घेई. “हे द्रावण गार ठेवायची नळी इथून जाते,” आजोबांचे बोट थांबले, “आणि बर्फाच्या यंत्राची नळी तिला चिकटून. जिथे चिकटल्यात तिथे सुईएवढं भोक पडलं तरी पुरे. आणि मापक बसवलाय टाकीत, म्हणजे या जागेच्या अलीकडे. त्याला कळणार कसं?”

“कॉस्टिक सोड्यानं काय होतं?”

“तोंड भाजतं. घसा भाजतो.” त्यांनी तिच्यापासून काही लपवले नाही.

मंजिरीने बर्फाच्या डब्याच्या अगदी तळातला, सगळ्यांत जुना तुकडा उचलायला चिमटा पुढे केला. सकाळचा बर्फ कदाचित चांगला असेल, ही एकच आशा तिला होती. तो तुकडा वितळला आणि गर पडताच तोही हिरवा झाला.

“मग सकाळी आई नऊच्या सुट्टीत प्यायली असेल…” तिने चिमटा खाली ठेवला.

“थांब, नीट विचार कर. तेव्हा थर्मासमधला बर्फ फारसा वितळला नव्हता. आणि जो वितळला त्यातल्या आम्लारीला तुझ्या लिंबानं गाठलं. आम्ल आणि आम्लारी भेटली की दोघांचाही जोर संपतो, मीठ आणि पाणी उरतं. याला उदासिनीकरण (एकमेकांचा गुण मारून टाकणं) म्हणतात. पण अर्ध्या लिंबाची ताकद ती किती? ते एकदा संपलं की पुढं वितळणारा प्रत्येक थेंब नुसता दाहक.”

म्हणजे जितका उशीर, तितका तो चहा घातक. दहा वाजून एकतीस.

आजोबांनी आधी भोंग्यावरून साऱ्या वस्तीला बजावले, “बर्फाला कोणी हात लावू नका!” मग आरसा फिरवायचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

“आजोबा, एकदम अंधार करू नका. हळूहळू उजेड सरकवा. म्हणजे आई उतारावर असली तरी तिला आधार धरायला वेळ मिळेल.”

आजोबांनी तिच्याकडे पाहिले, मान हलवली आणि दांडा बोट-बोट फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर दूर विवरातला उजेडाचा ठिपका सरकत सरकत भिंतीवर चढला आणि नाहीसा झाला. तळ काळाकुट्ट. मंजिरी मनात आकडे मोजत राहिली. वीसला उजेड परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

मग उजेड स्थिर झाला, आणि वाट पाहणे उरले. निरोप पाहिला असेल, तर दोघे गाडीत बसून चढाच्या टोकाला येतील. तिथून रेडिओ लागतो. पंधरा-वीस मिनिटांची वाट.

“गाडीत बसल्या बसल्या सायमनकाका आधी थर्मास उघडतो,” मंजिरी हळूच म्हणाली.

आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दहा पंचावन्न. अकरा. अकरा वाजून तीन. रेडिओत नुसती खरखर.

“उगवती, ऐकू येतंय का?” आईचा आवाज! “काय झालं? अंधार कशाला केलात?”

“आई, चहा पिऊ नका! बर्फात कॉस्टिक सोडा आहे!”

मग आई म्हणाली, “मी नऊनंतर प्यायले नाही. पण सायमननं आत्ताच एक घोट घेतलाय. जीभ चुरचुरतेय म्हणतोय.”

“लिंबू!” मंजिरी ओरडली. “आजोबा, गाडीत लिंबाचं सरबत असतं, ते द्यायला सांगा, लिंबू आम्लारीला मारतं ना!”

“नाही!” आजोबांनी झटकन माईक ओढला. “नलिनी, लिंबू बिलकूल देऊ नकोस. साध्या पाण्यानं चुळा भरायला लाव, पुन्हा पुन्हा. उलटी काढायची नाही. आणि ताबडतोब इकडे या.” मग ते मंजिरीकडे वळले. “पेल्यात ते ठीक आहे, बाळा. पण आम्ल-आम्लारी भेटतात तेव्हा उष्णता निघते. आधीच भाजलेल्या जिभेवर आणखी चटका कशाला?”

अर्ध्या तासाने गाडी आत आली. सायमनकाका स्वतःच्या पायांनी चालत उतरला, तोंडाला ओला रुमाल लावून. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “जिभेला फोड आहेत, घसा वाचला. आणखी दोन-चार घोट गेले असते तर गोष्ट वेगळी होती.” पुढचे चार दिवस तो गार पेजेवर राहिला आणि खुणांनी बोलला.

मंजिरी मात्र आईसमोर उभी राहिली तेव्हा तिला रडू आवरेना. “तो चहा मीच केला होता.”

आईने पोशाखही उतरवला नव्हता. त्याच पोशाखात तिने मंजिरीला जवळ घेतले. “चहा तू केलास. भोक तू नाही पाडलंस. आणि हिरवा ग्लास बघून तो ओतून दिला नाहीस, का झाला असं विचारलंस. म्हणून आम्ही दोघं इथं उभे आहोत.”

त्याच दुपारी नळीवरचे भोक सापडले. आजोबांनी दोन्ही नळ्या वेगळ्या भिंतींतून नेल्या आणि ठरवले की पाणी टाकीत तपासून भागणार नाही, माणूस जिथे ते पितो तिथे तपासायचे. वस्तीच्या बागेत लाल कोबी होता. त्यातही तसलेच रंगद्रव्य असते. कोबी उकळून त्या पाण्यात मंजिरीने कागदाच्या पट्ट्या भिजवल्या, वाळवल्या आणि दर शनिवारी एकेक नळ तपासायचे काम मागून घेतले.

महिनाभराने पृथ्वीवरून नवी कुटुंबे आली. शनिवारी मंजिरी शेवटच्या नळाशी पट्टी ओली करत होती, तेव्हा त्यांच्यातली एक पाच वर्षांची मुलगी शेजारी येऊन उभी राहिली.

“काय करतेस गं ताई?”

“पाण्याला विचारतेय, बरं आहेस का म्हणून.”

“मग काय म्हणालं ते?”

मंजिरीने एक कोरी पट्टी तिच्या हातात दिली आणि नळ सोडला. “तूच विचार.”