उघड्या फाटकाची रीत

ओरोसीच्या खोऱ्यात ग्वारिया कुणी मागत नाही. ज्याला हवी असते तो शेजाऱ्याच्या फाटकापाशी रेंगाळतो, भिंतीवर फुललेल्या त्या जांभळ्या ऑर्किडांची उगाच तारीफ करतो. मग घरमालक फाटक उघडं टाकून कॉफी करायला आत जातो आणि पाठ वळवून उभा राहतो. कॉफी फडक्यातून गाळून होईस्तोवर भिंतीवरचे थोडे कंद कमी झालेले असतात. पुढे दोघंही हवापाण्यावर बोलतात. दिलेली ग्वारिया जगत नाही, चोरलेलीच धरते, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं.

आनिया उमान्याला ते ठाऊक होतं आणि मान्य नव्हतं. अर्धं आयुष्य तिने राजधानीतल्या वनस्पतिसंग्रहालयात वाळलेल्या ऑर्किडांचे ओठ, म्हणजे मधली रुंद पाकळी, भिंगाखाली उलगडण्यात घालवलं होतं. चोर निवडून घेतो म्हणून चोरलेलं जगतं, आणि देणारा मरतुकडं देतो म्हणून दिलेलं मरतं, असं तिचं बिनतोड स्पष्टीकरण होतं. चोरीचा तिचा स्वतःचा अनुभव मात्र अधिक सुसंस्कृत होता.

जंगलात वादळाने पाडलेल्या एका ओकवर तिला ती सापडली होती. दिसायला ग्वारियाच, पण ओठाच्या मुळाशी दोन समांतर कंगोरे, आणि वास ओल्या लोखंडाचा. विभागप्रमुख डॉक्टर साबोरिओंनी भिंगातून पाहून ‘नेहमीचीच, जरा विकृत’ असा निवाडा दिला आणि एक तुकडा ठेवून घेतला. पुढच्या वर्षी तीच विकृती नवी जात म्हणून छापून आली. शोधकर्ते साबोरिओ, जातीला नाव त्यांच्या पत्नीचं, इसाउराचं. आनियाचे आभार मानले होते, चहापाण्याची व्यवस्था पाहणाऱ्याचे मानावेत तसे. त्याच उन्हाळ्यात तिच्या अंगणातलं मूळ रोप जिकाराच्या झाडावर वाळून गेलं. बुरशी, असं तिने ठरवलं.

आता दोघंही निवृत्त होती, इसाउरा वारली होती, आणि साबोरिओंनी तिला काची गावातल्या आपल्या घरी बोलावलं.

घराची कौलं दिसत नव्हती. इसाउराच्या ग्वारियाने छप्पर झाकलं होतं. रुपेरी मुळं खिडक्यांवरून उतरून गजांना वेढे घालून आत गेली होती. पडवीत लोखंडाचा वास कोंडला होता. भर मार्चच्या उकाड्यात साबोरिओ पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सुती हातमोजे घालून बसले होते.

“ये, आनिया. म्हातारी झालीस की गं!”

“तुम्ही तसेच आहात, सर. दुसऱ्याचं पाहून अजून हात शिवशिवत असतील.”

ते हसले, पण ओठांपुरतंच. “घेऊन जा ती. सगळी नको, एक तुकडा पुरे.”

“देताय?”

“दिली तर मरेल. इथली ना तू? मी आत जाऊन कॉफी टाकतो.”

“त्यापेक्षा दोन ओळी लिहा, सर. कुणाला सापडली, एवढंच. मला दुसरं काही नको.”

“लिहिलं म्हणजे देणंच झालं की. आणि नाव इसाउराचं आहे. मेलेल्या बाईचं नाव खरवडू?”

बोलताना त्यांच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळला. मोजा आणि बाही यांच्या मधल्या मनगटावर शिरेसारखी, पण शिरेच्या वर, एक रुपेरी दोरी होती. पाणी पडलं तिथे ती सावकाश हिरवी झाली.

ऑर्किडचं कोरडं मूळ रुपेरी असतं आणि भिजलं की हिरवं होतं. हे ती विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवायची.

“जवळून बघू नकोस,” बाही ओढत साबोरिओ म्हणाले. “ओळखत बसायची ही तुझी खोड वाईट.”

त्वचारोग, असं तिने ठरवलं.

ते आत गेले, पाठ करून उभे राहिले आणि शीळ घालू लागले. आनिया पडवीत उभी होती. स्वतःची वस्तू चोरता येत नाही, असा विचार तिच्या मनात आला. रोप तिचं असेल, तर गावाच्याच कायद्याने ही चोरी नव्हे, आणि मग ते वाळेल. वाळलं तर निदान तेवढा दाखला तरी हाती लागेल. ज्या समजुतीला ती जन्मभर हसली, तिच्याच दारात न्याय मागायची वेळ आली होती. पण दुसऱ्या कुठल्या दारात तो मिळालाही नव्हता.

तिने चाकू चालवला.

जुन्या नायलॉनच्या मोज्यांच्या पट्ट्यांनी ती तुकडा आपल्या अंगणातल्या जिकाराला बांधत होती, तेव्हा शेजारची सेनेइदा कुंपणावर रेलली.

“कुणाची उचललीत, डॉक्टरबाई?”

“माझीच आहे.”

“मग कशाला एवढा खटाटोप? वाळायचीच ती.”

“वाळू दे.”

सेनेइदा खळखळून हसली. “अगंबाई! बाकीचे जगावी म्हणून नवस करतात!”

आनियाने पाणी घातलं नाही. उन्हं तापली, गवत करपलं. रोज सकाळी ती भिंग घेऊन मरणाची खूण शोधायला जाई.

रोपाने नवा कोंब काढला. मग मुळं. मग, ग्वारियाचा हंगाम सरल्यावर, फूल.

ओठाच्या मुळाशी दोन कंगोरे. तिचेच. पण जगलं म्हणजे चोरीचं; निकाल साबोरिओंच्या बाजूने.

ईस्टरनंतर साबोरिओ वारले. वर्तमानपत्रांनी इसाउराच्या ग्वारियाचा जनक हरपल्याचा शोक केला. प्रेतयात्रेला गेलेल्या आनियाला त्यांच्या छपरावर नुसती कौलं दिसली.

“मामा शेवटी फार शांत झोपले,” त्यांची भाची तिला म्हणाली. “हातमोजे काढले, तर हात कसे सांगू? तान्ह्या बाळासारखे.”

घरी येऊन आनिया अंगणातल्या हौदावर हात धुवायला वाकली. उजव्या मनगटावर एक पांढुरका ओरखडा होता. नायलॉनची पट्टी काचली असावी, असं तिने मागेच ठरवलं होतं.

पाणी पडलं. ओरखडा हिरवा झाला.

तिने भिंग आणलं नाही.

तिने फाटक सताड उघडलं, आत गेली, चुलीवर कॉफीचं आधण ठेवलं आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली. बाहेर पावलं वाजली. कुणीतरी फाटकाशी थांबलं, बराच वेळ थांबलं. आनिया शीळ घालू लागली.

कॉफी गाळून झाल्यावर ती बाहेर आली. झाडावरचं एक पानसुद्धा हललं नव्हतं. फाटक मात्र बंद होतं. कुणीतरी ते बाहेरून ओढून घेऊन नायलॉनच्या पट्टीने घट्ट बांधून टाकलं होतं.