चिंचेच्या जखमेवर गेरू

त्या रोनकचं वागणं मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. श्रावणातली सर अंगावर घेऊन धुळ्याहून मोटरसायकलवर आलेला माणूस, केसांतून पाणी गळतंय, आणि आमच्या ओट्यावर उभा राहून मला सांगतो, "चहा नको मावशी. तपासायला आलेल्याने काही घ्यायचं नसतं. नियम आहे." जळगावात माझ्या दारातून आजवर मीटर वाचणारासुद्धा चहा घेतल्याशिवाय गेलेला नाही.

माझी सून सुलक्षणा आतून टॉवेल घेऊन आली. "टॉवेल नियमात बसतो का?"

त्याने खरंच पिशवीतून कागद काढून पाहिला. "टॉवेलबद्दल... काही लिहिलेलं नाही."

"मग पुसा. आमची कागदं भिजतील."

त्याने डोकं पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. टॉवेलाआड तो हसत होता. आणि सुलक्षणा... ती चार वर्षांत पहिल्यांदा दात दाखवून हसली. मी ते पाहिलं. मला आवडलं नाही. खोटं कशाला सांगू.

चार वर्षांपूर्वी माझा मगन शिरीषाच्या झाडावरून पडून गेला. झाडं छाटायची, वाळल्या फांद्या उतरवायच्या, हा धंदा आमच्याकडे सासऱ्यांपासूनचा. पोरगा गेल्यावर मी दोर विकायला काढले, तर ही कमरेला पट्टा बांधून दारात उभी राहिली. मी दोर परत खुंटीला लावले. मग तिने पुण्याच्या एका संस्थेचं मान्यतापत्र मिळवायचं मनावर घेतलं. ते असलं की शाळा-कॉलेजं, मोठ्या कॉलन्या काम देतात. नसलं की हल्ली फाटकातूनच परत पाठवतात. आमच्या दोरावर सहा घरं जगतात. पण तिला हवं होतं ते वेगळंच. आपल्या दोरावरून पुन्हा कोणी पडणार नाही, हे कोणी जाणत्याने शिक्का मारून सांगावं, एवढंच तिला ऐकायचं होतं.

रोनक त्या संस्थेचा तपासनीस. घरचं धुळ्यात कापडाचं दुकान, बाप माणकचंद गादीवर, आणि हा झाडांच्या मागे लागलेला. दुसऱ्यांदा आला तो सामान तपासायला. शिरस्त्राणं, पट्टे, दोर, सगळं अंगणात मांडलं.

"गाठ बांधून दाखवा," तो म्हणाला.

"कशावर बांधू?"

त्याने इकडेतिकडे बघून मनगट पुढे केलं. सुलक्षणाने दोर फिरवला, एक वेढा, दुसरा...

"सुटते कशी?"

"ओढलं की आवळते. सैल सोडलं की आपोआप सुटते."

"माणसांचंही असंच असतं का?"

"माणसांचा पेपर आहे का यात?" तिने दोर सोडवून घेतला. "नाही ना? मग पुढचं विचारा, साहेब."

तो पुढचं विचारायचं विसरला. मी दोनदा खाकरले तेव्हा त्याला आठवलं.

शेवटची परीक्षा धुळ्यात होती, एका शाळेच्या मैदानातल्या जुन्या चिंचेवर. आता इथे आमच्या घरची रीत सांगावी लागेल. फांदी कापली की त्या जागी गेरू-चुन्याचा लेप दिल्याशिवाय आम्ही झाडाखालून हलत नाही. झाडाची जखम उघडी टाकून गेलेला माणूस घरी सुखरूप येत नाही, असं सासूबाई सांगायच्या. मगन गेला त्या दिवशी लेपाचा डबा घरी राहिला होता. नव्या शास्त्रात मात्र लेप चालत नाही. लेपाखाली ओल राहते, लाकूड कुजतं, झाड आपली जखम आपणच भरतं म्हणे. सुलक्षणाने मला सात वेळा बजावलं होतं, "अक्का, डबा नेऊ नका."

मी नेला.

तिने आधी खालच्या, हाताला येणाऱ्या तीन फांद्या उतरवल्या, मग वर गेली. भुरभुर पाऊस, चिंचेची बारीक पानं अंगावर पडत होती. आणि रोनक मान वर करून उभा. हातात पेन, कागद कोरा. खालून दोर सांभाळणारा आमचा जब्बारभाई माझ्याजवळ सरकला. "अक्का, साहेब झाड देख रहे हैं या भाभी को?"

"तू दोर बघ," मी म्हटलं.

पण माझंही लक्ष तिकडेच होतं. माझ्या मगनने तिच्याकडे असंच बघितलं होतं, पहूर गावच्या एका लग्नात, मांडवाच्या खांबाआडून. माझा हात पिशवीत गेला. मी डबा उघडला आणि त्या तिन्ही ताज्या जखमा लालभडक करून टाकल्या. सवयीने हात गेला, विसरले, असं मी सगळ्यांना सांगत आले. विसरले नव्हते.

सुलक्षणा खाली आली. रोनक त्या लाल जखमांपाशी उभा होता. "हे कोणी केलं?"

"मी," ती म्हणाली.

"तुम्ही वर होता. मी... बघत होतो."

"मीच लावायला सांगितलं होतं. लिहा."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उघड्या डब्यासकट तिथेच उभी होते. त्याने लिहिलं.

आठ दिवसांनी निकालाचा कागद आला. मी तिसरीपर्यंत शिकलेली, म्हणून तीच वाचून दाखवते. नापास, सहा महिन्यांनी पुन्हा. मग ती अडखळली. "वाच की," मी म्हटलं. तिने हलक्या आवाजात वाचलं, "पुढची तपासणी दुसऱ्या कोणी करावी. या अर्जदाराबाबत माझं मन तटस्थ राहिलेलं नाही." कागदाची घडी घालून ती उगाच तुळशीला पाणी घालायला गेली. पाऊस चालू होता.

त्या रविवारी तो आला. पिशवी नाही, कागद नाही. ओट्यावरच विचारलं त्याने तिला, सरळ, लग्नाचं. मी आत भाकरी थापत होते, सगळं ऐकू येत होतं.

"नाही," ती म्हणाली. "अक्का एकट्या पडतील."

मी बाहेर येऊन एक शब्द बोलले असते, तर... भाकरी करपली, मी उठले नाही.

"बरं," तो म्हणाला, आणि गेला.

माघात दुसऱ्या एक बाई तपासायला आल्या. सुलक्षणा पास झाली. मान्यतापत्र काचेत बसवून मगनच्या फोटोशेजारी लावलं. त्या दिवशी तिने स्वयंपाक केला, वाढला, आणि स्वतः जेवली नाही.

फाल्गुनात रोनक अभिनंदन करायला आला. थोडा वाळला होता. कोइमतूरला नोकरी लागली होती, संध्याकाळची गाडी होती. सुलक्षणा अंगणात नळाखाली दोर धूत होती. मला आता राहवेना.

"बस. त्या चिंचेला गेरू मी लावला होता. चुकून नाही, जाणूनबुजून. तू तिच्याकडे बघत होतास म्हणून."

उत्तर दिलं सुलक्षणाने, दोरावरचा हात न थांबवता. "मला माहीत आहे, अक्का. वरून बठ्ठं दिखस. सगळं दिसतं."

"मग कसाले खोटं बोलनी?" माझीही अहिराणीच निघाली.

"तुम्ही वरून किती लहान दिसत होत्या," ती म्हणाली.

रोनक उभा राहिला. पुन्हा बसला. "मावशी... मागच्या आठवड्यात माझी सगाई झाली."

सुलक्षणाने नळ बंद केला. "कुठली मुलगी?"

"चाळीसगावची. आयुषी."

"चांगलं झालं." ती दोर पिळायला लागली. भिजलेला जाड दोर एकटीने पिळला जात नाही, दोन टोकांना दोघं लागतात. तो एक पाऊल पुढे आला... आणि थांबला. मग मीच उतरले ओट्यावरून आणि दुसरं टोक धरलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पाणी आमच्या दोघींच्या पायांवर गळत राहिलं.

दोर धरल्याधरल्याच मी त्याला म्हटलं, "रोनक, ती खोटं बोलते हे तुला दिसत होतं, तरी तू तेच लिहिलंस. नापास मला करायचं होतंस, बाबा. माझं पाप मी फेडेन. पण तू एका 'नाही'त उठून गेलास, ते तुझं. जा आता, गाडी चुकेल. आणि ती आयुषी कधी 'काही नाही' म्हणाली, तर लगेच 'बरं' म्हणू नकोस."