पंधरा मिनिटं नळाखाली

खमासीन वाऱ्याच्या धुळीनं इजिप्तमधलं अख्खं महल्ला शहर पिवळं पडलं होतं. त्यात टॉवेल गिरणीची रसायनं सांभाळणाऱ्या सफीनाझच्या गोदामात कुणी नवाच माणूस पिंपांच्या झाकणांवर चिकटपट्ट्या लावत फिरत होता!

"अहो! काय चाललंय हे?"

"धूळ आत जाऊ नये म्हणून, इंजिनीअरबाई," तो ऐटीत म्हणाला. "मी राफत, नवा ड्रायव्हर. सकाळपासून सगळी बंद केली... कसं?"

सफीनाझनं कपाळावर हात मारला. टॉवेल पांढरे करायचं हायड्रोजन पेरॉक्साइड ते. आतल्या आत वायू सोडत राहतं, म्हणून तर झाकणाला भोक ठेवलेलं असतं. या शहाण्यानं नेमकी तीच भोकं बुजवली होती. एका पिंपाचं पोट फुगायलाही लागलं होतं.

तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. हातमोजे, चष्मा चढवला आणि बाजूला उभं राहून एकेक पट्टी अलगद सोडवली. फुस्स्... तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात राफत मदतीला धावला आणि खाली पडलेली ओली पट्टी त्यानं उघड्या हातानं उचलली! बोटं क्षणात पांढरीफटक. तो रुमाल काढू लागला.

"फडक्यानं पुसू नकोस, पेटेल ते!" तिनं मोजे भिरकावले, त्याचं मनगट धरलं आणि हात नळाखाली घातला. "पंधरा मिनिटं. हलायचं नाही."

"बोटं अशीच राहणार?"

"होतील बरी थोड्या वेळानं. अक्कल मात्र यायची नाही."

"तुमचा हात किती गार आहे..."

"पाणी गार आहे!"

तिचे कान तापले होते. "पुन्हा या दारात पाऊल टाकलंस तर बघ," तिनं बजावलं.

आणि तो खरोखरच येईना! फाटकाशी पिंपं उतरवायची, सलाम करायचा, चालू पडायचं. सफीनाझ मनातून धुमसू लागली. इतकं शब्दशः ऐकायची काय गरज होती मेल्याला?

मग एका दुपारी तो दारात उभा... चेहरा पडलेला, बोटं पांढरी.

"इंजिनीअरबाई... पुन्हा..."

ती हातातलं काम टाकून धावली. मनगट धरलं, नळ सोडला. "किती वेळ झाला? डोळ्याला नाही ना लावलास हात? बोल ना रे!" पाणी मात्र दुधाळ झालं आणि बोटांवर चिकट लगदा जमला.

"हे... पीठ आहे?"

"आईच्या भाकऱ्यांचं," तो पुटपुटला. "आत यायला दुसरं कारणच नव्हतं..."

"मूर्खा! भाजल्याचं सोंग इथे आणतात? उद्या खरंच भाजलं तर कोण धावेल?" तिचे डोळे भरून आले. "जीव गेला होता माझा!"

राफतचं हसू मावळलं. "चुकलो. वल्लाही, पुन्हा नाही. पण एक विचारायचं होतं... शुक्रवारी आईला घेऊन तुमच्या घरी आलो तर?"

तिनं नळ आणखी मोठा केला.

"बसबूसाची मिठाई घेऊन ये," ती म्हणाली. "पीठ नको."

पीठ केव्हाच धुऊन गेलं होतं. राफत हळूच म्हणाला, "मग... आता हात सोडता?"

"गप्प उभा राहा," ती वैतागली. "पंधरा मिनिटं झाली नाहीत अजून!"